गोटाचा (बियाण्याच्या कांद्याचा) प्लॉट सोडून मधमाशी मोसंबीत का जाते?

प्रश्न अंबड तालुक्यातल्या एका शेतकरी भावाचा आहे. दोन एकर हायब्रिड कांदा बीजोत्पादन, कंपनीशी करार. मेलिफेरा जातीच्या पाळीव मधमाश्यांच्या सहा पेट्या भाड्याने आणून बांधावर ठेवल्यात. गोंडे (कांद्याच्या फुलांचे गुच्छ) फुलायला लागले, पण माशी पेटीतून उठते ती थेट शेजारच्या मोसंबीत, नाहीतर ओढ्यापलीकडच्या धन्याच्या पिकात. त्यांनी विचारलंय: "काका, शेत माझं, भाडं माझं, आणि फायदा शेजाऱ्याचा. माशीला कसं कळतं की तिकडं जास्त गोड आहे? पेट्या ठेवल्यावर थोड्या तरी कांद्यावर येतात, मग बाकीच्यांना काय झालं? कंपनीचा माणूस म्हणतो गूळपाणी फवारा. फवारू का?"

भाऊ, आधी शेवटचं सांगतो. पंपात गूळपाणी कालवून ठेवलं असेल तर ते बैलांना पाजा. फवारलेलं गोड पाणी पातीवर, दांड्यावर, गोंड्याच्या वरच्या अंगावर बसतं. माशी येते, चांगली झुंबड करते, आणि तुम्हाला वाटतं काम झालं. जरा वाकून बघा. ती दांडा चाटत असते, फुलात तोंडच घालत नाही. नराच्या ओळीतला पराग तिच्या अंगाला लागून मादीच्या ओळीत गेला नाही तर तिच्या येण्याचा तुम्हाला काय उपयोग? वर मुंग्या लागतात ते वेगळंच. गूळ वाळला की माशी परत मोसंबीत.

आता कळण्याची गोष्ट. गेली बावीस वर्षं मी पेट्या घेऊन फिरतोय, आणि हा प्रश्न मला दर फेब्रुवारीत येतो. लोक धरून चालतात की माशी दोन्ही शेतं हिंडते, चव घेते आणि मग ठरवते. तसं होत नाही. मोसंबीत जाणाऱ्या बहुतेक माश्यांनी तुमचा कांदा चाखलेलाही नसतो. बाहेर कामाला लागलेली माशी एक फूल धरते आणि दिवसच्या दिवस त्यालाच चिकटून राहते. ही सवय अॅरिस्टॉटलनेसुद्धा लिहून ठेवलेली आहे. दोन शेतांची तुलना एकटी माशी करत नाही, अख्खी पेटी करते.

यावरचा सगळ्यात स्वच्छ प्रयोग अमेरिकेतल्या थॉमस सीली यांचा, 1991 मध्ये छापलेला. न्यूयॉर्क राज्यातल्या जंगलात, माशीला दुसरं फारसं खायला नाही अशा जागी, त्यांनी एका वसाहतीच्या उत्तरेला आणि दक्षिणेला साखरपाणी ठेवलं. दोन्ही जागा पेटीपासून 400 मीटरवर. एकीकडचं पाणी दुसरीच्या अडीच पट दाट. दुपारपर्यंत दाट पाण्यावर नव्वदेक माश्या लागल्या आणि पातळ पाण्यावर डझनभर. बारा वाजता दोन्हीकडची पाणी अदलाबदल केली. चार तासांत चित्र पार उलटं झालं. माश्यांवर रंगाच्या खुणा होत्या, त्यामुळे कोण कुठे गेली ते माहीत होतं. दोन्हीकडे जाऊन ताडून बघितलं असं जवळपास कुणीच नव्हतं.

मग हे झालं कसं? चांगला माल आणणारी माशी पेटीत येऊन जास्त वेळ नाचते, आणि हा नाच म्हणजे बाकीच्यांना त्या जागेचा पत्ता. साधा माल आणणारी दोन गिरक्या मारते, किंवा गपचूप परत निघते. कामाच्या शोधातली रिकामी माशी पोळ्यावर हिंडताना जी नाचणारी आधी भेटेल तिच्या मागं लागते, निवड करत बसत नाही. आता पोळ्यावर दहा नाच मोसंबीचे आणि एक कांद्याचा असेल तर नवी माशी कुठे जाणार, ते तुम्हीच सांगा. आठवडी बाजारात कुणी सगळी दुकानं फिरून मग भाजी घेतं का? जिकडं आरोळी जास्त तिकडं गर्दी.

नाचाची भाषा कार्ल फॉन फ्रिश यांनी उलगडली, 1973 च्या नोबेलात त्यांचा वाटा होता. उभ्या पोळ्यावर माशी अंग थरथरवत सरळ धाव घेते. सरळ वर गेली तर जागा सूर्याच्या दिशेला, तिरकी गेली तर सरळ वरच्या रेषेशी जेवढा कोन, जागा सूर्यापासून तेवढ्याच कोनात. धाव लांबली की अंतर लांबलं. ढोबळ मानाने सेकंदाला एक किलोमीटरच्या आसपास धरा. जागा अगदी जवळ असेल तर धाव नाही, नुसती गोल गरगर.

माझ्याकडे दोन चौकटींची काचेची पेटी आहे, एका सुताराकडून करून घेतलेली. काचेवर एरवी जुनी गोधडी टाकलेली असते. तुमच्यासारख्याच एका प्लॉटवर, फेब्रुवारीच्या शेवटी, दुपारी चारच्या सुमारास मी गोधडी उचलून वही घेऊन बसलो. सूर्य पश्चिमेला कललेला. नाचणाऱ्या माश्या एकामागून एक जवळपास सरळ वर धावत होत्या, धाव सेकंदभराची. म्हणजे पश्चिमेला, किलोमीटरभरावर. मान वर करून बघितलं तर तिकडं मोसंबीची बाग. वहीत रेघा मारता मारता पान भरत आलं, तेव्हा खालच्या कोपऱ्यात एक माशी गोल फिरताना दिसली. कांद्याचा प्लॉट पेटीपासून चाळीस पावलांवर होता, म्हणजे ती आपली. दोन गिरक्या मारल्या आणि थांबली. तिच्या मागं एकच माशी लागली होती, तीही मध्येच सोडून गेली. प्लॉटमालक माझ्या शेजारीच बसले होते. "एवढंच?" म्हणाले. मी म्हटलं, एवढंच.

यात अजून एक मापटं आहे आणि ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. रस घेऊन आलेली माशी स्वतः कोठीत रस भरत नाही. दाराशी घरातली माशी तिच्याकडून तो काढून घेते. घेणारी पटकन मिळाली तर आणणारीला उत्साह येतो. ताटकळत उभं राहावं लागलं तर तिला कळतं की सध्या माल मुबलक आहे किंवा आपला माल हलका आहे, आणि तिचा नाच थंडावतो. फ्रिश यांचे शिष्य मार्टिन लिंडाउर यांनी हे बारकाईने पाहिलं आणि सीली यांनी पुढे नेलं. म्हणून "चांगला माल" कशाला म्हणायचं हे पेटी रोज नव्याने ठरवते. टंचाईच्या दिवसांत ज्या रसावर माश्या जोरात नाचतात, तोच रस बहराच्या दिवसांत कुणी हातात घेत नाही. आपल्याकडं नाही का, मे महिन्यात ज्या टँकरसाठी हंड्यांची रांग लागते त्याच टँकरकडे ऑगस्टमध्ये कुणी ढुंकून बघत नाही. तुमचा कांदा तोच आहे हो, शेजारी मोसंबी फुललीय म्हणून तो हलका ठरला.

आणि खरं सांगायचं तर कांदा मुळातच हलका आहे. साखरेत कमी नाही, उलट आपल्या कोरड्या हवेत त्याचा रस इतका दाट होतो की माशीला ओढायला जड जातो. खोट पोटॅशियमची. 1972 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिलं की कांद्याच्या मकरंदात पोटॅशियम इतर फुलांच्या कितीतरी पट असतं आणि माशीला ते नकोसं वाटतं. मोसंबीचं याच्या उलट. मोसंबीच्या कुळातल्या फुलांच्या मकरंदात अगदी किंचित कॅफीन असतं, चहा-कॉफीतलंच. 2013 च्या एका अभ्यासात असं दिसलं की कॅफीन मिळालेल्या माश्यांना त्या फुलाचा वास दुसऱ्या दिवशीही आठवण्याचं प्रमाण तिप्पट होतं. जालन्याची मोसंबी म्हणजे माशीला अमृततुल्याची टपरी समजा. आंबे बहराची, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडाशी येणारी मोसंबीची फुलं आणि गोटाचे गोंडे एकाच वेळी येतात, हे तुमचं नशीब.

आता तुमचा मधला प्रश्न, की थोड्या तरी कांद्यावर का येतात. हा मला फार आवडला, कारण इथं माशी आणि बाकी जनावरं एका वाटेवर येतात. 1961 मध्ये हार्वर्डमध्ये रिचर्ड हर्नस्टाइन यांनी कबुतरांसमोर दोन बटणं ठेवली. दोन्हींवर टोचलं की अधूनमधून दाणे मिळत, पण एकावर जास्त वेळा. कबुतरं सगळ्या चोची त्या चांगल्या बटणावर मारत बसली नाहीत. दाणे ज्या प्रमाणात मिळत, साधारण त्याच प्रमाणात त्यांनी चोची वाटल्या. केंब्रिजच्या वनस्पती उद्यानातल्या तळ्यावर 33 बदकांसमोर दोन माणसांनी दोन ठिकाणी पावाचे तुकडे टाकले, एकाने दुसऱ्याच्या दुप्पट वेगाने. मिनिट-दोन मिनिटांत बदकांचे दोन गट पडले, दुप्पट वेगाच्या माणसापुढं साधारण दुप्पट बदकं. हा प्रयोग 1982 मध्ये छापला गेला. हिशेब सोपा आहे. सगळेच चांगल्या जागी धावले तर तिथं प्रत्येकाच्या वाट्याला कमी येतं, आणि हलक्या जागी एकट्याला निवांत मिळतं.

हे बघायला केंब्रिजला जायची गरज नाही. एका शिवारात दोन ट्रॅक्टर नांगरत असतील तर बगळे बघा. एकाच्या मागं ओली, किड्यांची जमीन, दुसऱ्याच्या मागं ढेकळं. ढेकळांमागंसुद्धा चार-दोन बगळे असतातच, आणि ते मूर्ख नसतात. तुमच्या कांद्यावरच्या माश्या तसल्याच. मोसंबीत गर्दी झाली, फुलं रिकामी सापडायला लागली, की त्यांची संख्या आपोआप वाढते. शिवाय प्रत्येक पेटीत काही माश्या चाचपणीच्या असतात. सोडून दिलेल्या जागी त्या अधूनमधून चक्कर टाकून येतात. सकाळी कांद्यावर दिसलेली एकटी माशी पुष्कळदा तीच.

अंतराचंही थोडं सांगतो, कारण तुम्ही म्हणाल मोसंबी लांब आणि कांदा दाराशी, तरी का? माशीला किलोमीटर फार नाही, रस चांगला असेल तर ती दोन-तीन किलोमीटर सहज जाते. पण ओझ्याचा हिशेब ती ठेवते. 1985 च्या एका प्रसिद्ध अभ्यासात दिसलं की फुलं लांब लांब असली तर माशी पोट पूर्ण न भरताच घरी वळते, कारण भरलेलं पोट घेऊन फुलामागून फूल हिंडायलाही साखर जळते. जास्तीत जास्त आणण्यापेक्षा खर्चाच्या मानाने किती पडलं, याकडे तिचं लक्ष असतं. म्हणून जवळीक ही तुमची जमेची बाजू आहे, फक्त ती पोटॅशियमला पुरून उरत नाही.

आता माझी चूक सांगतो, म्हणजे तुमची का होते आहे ते कळेल. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मंठा तालुक्यात एका प्लॉटवर मी वीस पेट्या गोंडे फुलायच्या दहा दिवस आधी नेऊन टाकल्या. कारण काय, तर टेम्पो त्या बाजूला रिकामा चालला होता, भाडं वाचत होतं. माश्यांनी दुसऱ्या दिवशी आजूबाजूची करडई शोधली आणि त्या तिकडं रुजू झाल्या. कांदा फुलला तेव्हा माझी अख्खी फौज करडईवर हजेरी लावत होती. दाराशी येणाऱ्या माश्यांच्या पायांवर गर्द नारिंगी-पिवळ्या गोळ्या, कांद्याचा फिकट पराग शोधून सापडेना. करडई उतरेपर्यंत गोंड्यांचा पहिला निम्मा बहर गेला. काढणीला गोंडे चोळले तर हातात फोलपटं. त्या माणसाने मला काही बोलून दाखवलं नाही, हेच जास्त लागलं. निम्मं भाडं मी परत दिलं.

तेव्हापासून माझा नियम: शंभरातले दहा-पंधरा गोंडे उमलल्याशिवाय पेटी प्लॉटवर येणार नाही. नव्या जागी आलेली माशी पहिल्या दिवशी कोरी असते, जवळ जे उघडं दिसेल ते धरते. ती कांद्यावर चिकटली की मोसंबीची आरोळी तिच्या कानावर जरा उशिरा पडते. हे दिवस थोडेच मिळतात, म्हणून सगळ्या पेट्या एकदम आणू नका. निम्म्या आज, निम्म्या आठवड्याने. परदेशात नासपतीच्या बागांत हीच युक्ती करतात, कारण नासपतीचा रसही माशीला आवडत नाही.

तुमच्या सहा पेट्या आता मोसंबीला लागलेल्या आहेत. त्यांना तिथंच ठेवून उपदेश करण्यात अर्थ नाही. पेटीवाल्याशी बोला. त्याच्या दुसऱ्या शिवारातल्या, पाच-सहा किलोमीटरपलीकडच्या पेट्या तुमच्याकडे आणायच्या आणि तुमच्या तिकडं न्यायच्या. रात्री, दार जाळीने बंद करून. त्याला टेम्पोचं डिझेल द्यावं लागेल, द्या. आणि दोन एकर हायब्रिडला सहा पेट्या मला कमीच वाटतात, मी आठ-दहा ठेवतो. पेट्या जास्त झाल्या की मोसंबीतही गर्दी होते आणि उरलेल्या कांद्यावर ढकलल्या जातात. बदकांचाच हिशेब.

वासाचं शिक्षणही देता येतं. अर्जेंटिनात सूर्यफुलाच्या वासाचं साखरपाणी पेटीत देऊन माश्या त्या पिकाकडे वळवल्या, बियाण्याचं उत्पादनही वाढलं, 2020 मध्ये ते छापून आलं. मी घरगुती करतो: उमललेले गोंडे रात्रभर साखरपाण्यात बुडवून गाळायचं आणि संध्याकाळी पेटीच्या आत वाटीभर ठेवायचं, तीन-चार दिवस. बाहेर कधीच ठेवू नका, दुसऱ्या पेट्यांच्या माश्यांची लूट सुरू होते. आणि वाटीपेक्षा जास्तही नको. घरात साखरपाणी मुबलक झालं की माशी रस सोडून पराग गोळा करायला लागते. किवीच्या बागेत तेच हवं असतं, म्हणून तिथं मुद्दाम पाजतात. तुमच्या हायब्रिडमध्ये पराग फक्त नराच्या ओळींत. पराग गोळा करणारी माशी त्याच ओळीत वरखाली फिरत राहते, मादीच्या ओळीत तिला काहीच मिळत नाही. तुम्हाला रसावरची माशी हवी. नर सोडून मादीत तीच जाते.

पाण्याचं विसरू नका. मार्च तापला की पेटी थंड ठेवायला कितीतरी माश्या नुसत्या पाण्यावर राबतात. पेट्यांजवळ पसरट घमेल्यात पाणी आणि त्यात गोणपाट बुडवून ठेवा, म्हणजे बुडून मरत नाहीत. पिकालाही ताण देऊ नका, कोरड्या जमिनीतल्या गोंड्यात रस थेंबभरही सुटत नाही. फुलकिड्यांसाठी फवारणी करायचीच असेल तर फुलं उमलण्याआधी उरका. फुलात औषध गेलं तर मोसंबी काय आणि कांदा काय.

रसवंतीचा एक वैताग राहिला. शहागडच्या बाजूला हायवेवर रसवंत्या सुरू झाल्या की माश्या तिकडंही वळतात, आणि त्यांना वेळ पाठ होते. कालच्या वेळेला आज हजर. 1929 मध्ये इंगेबोर्ग बेलिंग यांनी हे प्रयोगाने दाखवलं होतं, रसवंतीवाल्यांना ते न वाचताही माहीत आहे. प्लॉटच्या अर्धा किलोमीटरात रसवंती असेल तर पेट्या तिच्यापासून लांबच्या बांधाला ठेवा आणि मालकाला चोथा झाकायला सांगा. चिपाडाच्या ढिगावर मरणाऱ्या माश्या मोजत बसणं फार वाईट.

आणि पिंपळावरचं, पुलाखालचं आग्या मोहोळ जाळू नका. आमच्या पेटीतल्या माशीपेक्षा ती कांद्यावर कमी नखरे करते, भाडंही मागत नाही.

वळल्या की नाही हे बघायला काचेची पेटी लागत नाही. सकाळी दहा, दुपारी बारा आणि तीन वाजता मादीच्या ओळीतून चालत शंभर गोंडे मोजा आणि त्यावरच्या माश्या मोजा. दहाबारा दिसल्या तर मी रात्री निवांत झोपतो. दुसरी खूण नाकाची. दिवे लागल्यावर, माशी आत गेल्यावर, पेटीच्या दाराजवळ हळूच वाका. रात्रभर पंख्यासारखे पंख हलवून त्या रसातलं पाणी उडवत असतात, त्या वाऱ्याला आणलेल्या मालाचा वास असतो. मोसंबी फुललेली असताना फुलांचा गोड वास येतो. तुम्हाला हवाय तो कांद्याचा, उग्र, बाजारातल्या पोत्याजवळ येतो तसा. मधात तो राहील याची पेटीवाला काळजी करेल, पण महिन्या-दोन महिन्यांत तो वास उडून जातो, त्याला सांगा. पेट्या बदलल्यावर चौथ्या-पाचव्या रात्री तो वास आला का, ते कळवा.